बाळंतपणाला चाललेल्या बाईने पुलावर काय सांगावे

"विचारतील तेवढंच बोल. जास्त बोललीस की पुढचं विचारतात."

ओब्दुलियाबाईंचे वडील हे बोलले त्याला पन्नास वर्षं झाली. पुलावरच्या रांगेत ट्रक उभा होता, त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि नजर समोर. बाई तेव्हा नऊ वर्षांच्या होत्या आणि त्यांनी एवढंच विचारलं होतं, की पलीकडे गेल्यावर आइस्क्रीम मिळेल का. वडील गेले, ट्रक भंगारात गेला, आइस्क्रीम मिळालं की नाही तेही आता आठवत नाही. आवाज मात्र कानात राहिला, लहानपणी टोचलेल्या भोकासारखा.

माणूस या जगात येतो तेव्हा 'कशाला आलास आणि किती दिवस राहणार' असं त्याला कुणीही विचारत नाही. निसर्गाकडून राहून गेलेली ही त्रुटी दूर करण्यासाठी मानवजातीने सरहद्दी निर्माण केल्या. पिएद्रास नेग्रास गावाला ही सोय अगदी दाराशी मिळालेली आहे. गावाच्या कडेने नदी वाहते, नदीवर पूल आहे, पुलाच्या पलीकडे दुसरा देश आहे, आणि त्या देशाच्या उंबऱ्यावर काचेच्या खिडकीत एक अधिकारी बसलेला असतो. तो सभ्य असतो. तो ओरडत नाही. (ओरडला असता तर लोकांना उत्तरं तरी सुचली असती.) तो फक्त विचारतो, कुठे निघालात; आणि जन्मभर आपण कुठे निघालो आहोत हे चोख ठाऊक असलेला माणूस त्या क्षणी स्वतःचं आडनाव विसरतो.

ओब्दुलियाबाईंना कुठे निघालो हे पक्कं ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक मुलगी नेरेइदा पुलापासून अडीच तासांवर, सॅन अँटोनियोत राहत होती. मंगळवारी तिला मुलगी झाली, पोट कापून. नवरा लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा. तो शुक्रवारी बाळाच्या कपाळावर ओठ टेकवून रस्त्याला लागला. घरात टाके घातलेली बाळंतीण, मुठीएवढं बाळ, आणि पाणी तापवून द्यायला कुणी नाही. ही बातमीही बाईंना मुलीकडून कळली नाही. बहिणीच्या मुलाने, रुतीलियोने, मोबाइलवर फोटो पाहिला आणि शनिवारी मावशीला आणून दाखवला. मायलेकींचं बोलणं वर्षातून दोनदा व्हायचं, नाताळाला आणि वाढदिवसाला, चार-चार मिनिटं, आणि त्यातली तीन हवापाण्यावर जायची.

बाईंनी फोटो पाहिला. बाळाकडे थोडा वेळ, बाळाच्या आईकडे बराच वेळ. मग कपाटावरची पिशवी काढली आणि म्हणाल्या, "मी निघाले बाळंतपण करायला."

सदर वाक्य घरात उच्चारलं गेलं म्हणून निभावलं. पुलावर उच्चारलं असतं तर तो गुन्हा झाला असता. हे बाईंना त्याच संध्याकाळी एवेलियो मास्तरांच्या शिकवणीत कळलं.

एवेलियो मास्तरांविषयी गावात जेवढा आदर आहे तेवढा पाद्र्याविषयीही नाही, कारण पाद्री मेल्यानंतरच्या प्रश्नांची तयारी करून घेतो आणि मास्तर सोमवारी पुलावर येणाऱ्या. चाळीस वर्षं त्यांनी पुलाजवळच्या एका कचेरीत मालाच्या याद्या टाइप केल्या. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की माल बिनबोभाट पलीकडे जातो, अडतो तो माणूस. कारण टोमॅटोला कुणी विचारत नाही की तुझं परतीचं मन आहे का. तेव्हापासून ते आपल्या गॅरेजमध्ये वर्ग घेतात. प्लॅस्टिकच्या आठ खुर्च्या, फ्रिजच्या खोक्याला चौकोन कापून केलेली खिडकी, आणि खिडकीमागे मास्तर, डोळ्यांवर काळा चष्मा लावून. (घरात, दिवा लावल्यावरही.)

"कशासाठी जाताय?" मास्तरांनी खोक्यातून विचारलं.

"मुलीला मदत करायला."

मास्तरांनी चष्मा काढला. असा चष्मा ते फार वाईट प्रसंगीच काढतात.

"बाई, मदत म्हणजे काम. तुम्ही बाळ उचललंत तर आया झालात. भांडं विसळलंत तर मोलकरीण. सूप केलंत तर स्वयंपाकीण. एका दिवसात तीन नोकऱ्या, आणि तुमचा व्हिसा आहे पाहुणीचा. पाहुणीनं काय करायचं असतं?"

"काय?"

"बसायचं असतं."

बाई म्हणाल्या, चाळीस दिवस? मास्तरांनी दोन्ही हातांनी कान झाकले. चाळीस हा आकडा त्यांच्या गॅरेजमध्ये कधीही उच्चारला जात नाही. आपल्याकडे बाळंतीण चाळीस दिवस अंगावर गार वारा घेत नाही, हे त्यांना काय ठाऊक नव्हतं? त्यांच्या बायकोची चार बाळंतपणं त्यांच्या सासूने केली होती. पण शास्त्र वेगळं आणि पूल वेगळा. चाळीस दिवस राहणारी बाई परत येत नाही असं पुलाचं मत आहे. चार दिवस राहणारी येते. आठ दिवसांवर मतभेद आहेत.

तेव्हा मास्तरांनी बाईंना त्यांच्या वयोगटाचं उत्तर दिलं. उत्तरं वयोगटानुसार ठरलेली आहेत: तिशीच्या आतल्यांनी बूट आणायला जावं, कुटुंबवत्सल पुरुषांनी टायर, आणि पंचावन्नच्या पुढच्या स्त्रियांनी चादरी. चादर हे उत्तर मास्तरांच्या आयुष्यभराच्या चिंतनाचं फळ आहे. चादरीत लपवण्यासारखं काही नसतं. चादर कुणाची नोकरी खात नाही. चादर आणायला निघालेली बाई स्वतःच्या घरी, स्वतःच्या पलंगावर परतणार, हे न सांगता सिद्ध होतं. दोष एकच. मास्तरांच्या हाताखालून वर्षाला सहाशे माणसं पुलावर जातात, पैकी दोनशे दहा पंचावन्नच्या पुढच्या बायका. आणि पलीकडच्या अधिकाऱ्यांचा आता असा प्रामाणिक समज झालेला आहे की पिएद्रास नेग्रासच्या म्हाताऱ्या एकतर अहोरात्र झोपतात, नाहीतर चादरी खातात.

वयस्कर विद्यार्थिनींना पाठ होईना, म्हणून मास्तरांनी सगळं पद्यात बसवलं होतं. गावात आता मुली त्यावर दोरीच्या उड्या मारतात:

कुठे निघालीस बाई? निघाले मी बाजाराला.
काय आणशील तिथून? चादरी गं बिछान्याला.
किती दिवस राहशील? चार दिवस, चार रात.
काय नेतेस सोबत? रिकामे हे दोन हात.
कोण तुझं गं तिकडं? लेक आहे ती सुखात.
परत कशाला येशील? जीव गुंतला दारात.

बाईंचा गळा गोड होता. 'लेक आहे ती सुखात' या ओळीशी तो दर वेळी थोडा अडखळायचा. मास्तर म्हणाले, तिथे श्वास घ्या.

मग कागदपत्रं. पाहुणीच्या व्हिसावर सरहद्दीलगतच्या गावापर्यंत जाता येतं. त्याच्या पुढे आत जायचं तर पुलाजवळच्या कचेरीत परवाना घ्यावा लागतो, आणि तिथे आपल्याला मागे खेचून आणणारं घरी काहीतरी आहे हे दाखवावं लागतं. प्रेम, सवय, अंगणातलं अक्रोडाचं झाड ही कारणं ग्राह्य नाहीत, कारण त्यांची पावती मिळत नाही. बाईंकडे निघाली ती कागदपत्रं अशी: तीन महिन्यांची विजेची बिलं, घराचा उतारा, घरी लाटून विकल्या जाणाऱ्या गव्हाच्या तोर्तियांचं पालिकेचं लायसन, आणि नवऱ्याच्या कबरीशेजारी स्वतःसाठी राखून ठेवलेल्या जागेचा दाखला.

हा शेवटचा कागद पाहून मास्तर उभे राहिले. म्हणाले, इतक्या वर्षांत असा भक्कम पुरावा पाहिला नाही. जिने मरायची जागा नक्की केली आहे ती बाई दुसऱ्या देशात जगण्याचा धोका कशाला पत्करेल? त्यांनी तो कागद सगळ्यात वर ठेवायला सांगितला, आणि बाकीच्या विद्यार्थिनींनी दुसऱ्या दिवशी दफनभूमीच्या कचेरीत चौकशी केली.

राहता राहिली पिशवी. कोंबडीच्या सुपावाचून बाळंतीण उठत नाही, म्हणून बाईंनी तीन कोंबड्या निवडून ठेवल्या होत्या. रुतीलियोने नियम वाचून दाखवले. जिवंत कोंबडी चालत नाही. मेलेली चालत नाही. अंडं चालत नाही.

"मग चालतं काय?" बाई म्हणाल्या.

"मावशी, तू चालतेस. ते पण चार दिवस."

शेवटी पिशवीत दालचिनी, चॉकलेटच्या वड्या, पोटदुखीवरची वाळलेली फुलं आणि अगदी तळाशी तीन वार मांजरपाट, घडी करून. रिकामे हे दोन हात.

नेरेइदाला कळवलंस का, असं रुतीलियोने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, तिला चकित करायचं आहे. मास्तरांनी हेच विचारलं तेव्हा बाईंनी बिलांच्या कडा जुळवायला घेतल्या. कळवलं नव्हतं. का, ते बाईंनीच सांगावं. आम्ही मध्ये बोलणं बरं नव्हे.

सोमवारी सकाळी रुतीलियोचा पिकअप रांगेत लागला. पुढे एकशे चाळीस गाड्या. प्रत्येक गाडीत ओठ हलत होते. परक्या माणसाला वाटलं असतं, केवढं हे भाविक गाव. पुढच्या गाडीत एक बाप पोरांना बजावत होता की काका तिकडे राहतो म्हणायचं, पण कधीपासून ते म्हणायचं नाही. मागच्या गाडीतली बाई चादरींचं पद्य म्हणत होती, तेही चुकीच्या चालीवर. विक्रेते खिडक्यांतून शेंगदाण्याची चिक्की देत होते; आणि मास्तरांची एक विद्यार्थिनी ती परत करत होती, कारण हात रिकामे हवेत.

खिडकीतला अधिकारी तरुण होता आणि दाढी नीट कोरलेली. त्याने व्हिसाचं कार्ड यंत्राला दाखवलं आणि विचारलं, कुठे. बाई म्हणाल्या, सॅन अँटोनियो. कशाला. चादरी.

त्याने संगणकाच्या पडद्यावरून नजर उचलली. आज सकाळपासूनच्या तुम्ही अकराव्या, असं तो म्हणाला नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर अकरापर्यंत मोजल्याची खूण होती.

"बाई, चादरी इथे पूल उतरल्यावर ईगल पासमध्येही मिळतात. हे बघा, तिसऱ्या गल्लीत."

हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता. हा प्रश्नच नव्हता, ही माहिती होती, आणि माहितीला उत्तर देण्याची तयारी मास्तरांनी करून घेतली नव्हती. बाईंना वडील आठवले. त्यांनी विचारलं तेवढंच सांगायचं ठरवलं, आणि काहीच विचारलेलं नसल्यामुळे गप्प राहिल्या. रुतीलियोने प्रसंग सावरण्याच्या हेतूने म्हटलं, "तिथल्या मऊ असतात साहेब. मावशीची कातडी नाजूक आहे." अधिकाऱ्याने मावशीचे हात पाहिले, तव्यावर चाळीस वर्षं भाजलेले, आणि परवान्याच्या कचेरीकडे बोट दाखवलं.

कचेरीत लोखंडी बाकं होती, आणि काउंटरपलीकडे ओल्वेदा नावाच्या बाई होत्या, छातीवर नावाची पट्टी, पस्तिशीच्या. त्या स्पॅनिश बोलायच्या ते आपल्यासारखंच, फक्त मध्येच शब्द गाळून, वेळ वाचवल्यासारखं. त्यांनी कागद पाहिले. दफनभूमीचा दाखला दोनदा पाहिला आणि बाजूला ठेवला. (मास्तरांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही.) मग पिशवी काउंटरवर उलटी केली.

दालचिनी. चॉकलेट. फुलं. मांजरपाट.

"हे काय?"

"चादर," ओब्दुलियाबाई म्हणाल्या.

ओल्वेदाबाईंनी घडी उलगडली. वीतभर रुंद आणि तीन वार लांब अशी ती चादर काउंटरवरून खाली उतरली, जमिनीवरून गेली आणि पहिल्या बाकाशी थांबली. अशा चादरीवर झोपायचं तर माणसाने साप असावं लागतं. बाकावरच्या बायका तिच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्यातल्या एकीलाही ते काय आहे हे सांगायची गरज नव्हती, आणि ओल्वेदाबाईंनाही नव्हती. त्यांच्या दोन्ही बाळंतपणांत त्यांच्या आईने असाच पोटपट्टा करकचून बांधला होता, आणि बांधताना जे काही सुनावलं होतं तेही त्यांच्या लक्षात होतं.

"कोण बाळंत झालंय?" त्यांनी विचारलं.

बाईंनी श्वास घेतला. "लेक आहे ती सुखात," त्या म्हणाल्या, आणि बाकावरच्या एका बाईच्या तोंडून आपोआप पुढची ओळ निघाली.

ओल्वेदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी समोरच्या पडद्याकडे पाहिलं, कारण त्या कचेरीत पद्यात बोलत नव्हता तो फक्त पडदा.

"तुमचा व्हिसा पाच वर्षांपूर्वीचा आहे. पाच वर्षांत एकदाही पूल ओलांडला नाहीत. का?"

"गुडघे."

"आणि आता गुडघे बरे?"

"नाही."

अशा वेळी नियम सांगतो की तिकडच्या नातेवाइकाला फोन करून खात्री करून घ्यावी, की ही बाई ओळखीची आहे ना, हिची वाट बघताय ना, आणि हिला तिथे कुणी कामाला तर लावणार नाही ना. ओल्वेदाबाईंनी नंबर मागितला. ओब्दुलियाबाईंनी तो आधी चुकीचा सांगितला, मग शेवटचे दोन आकडे आठवत नाहीत म्हणाल्या, मग काउंटर धरून बरोबर सांगितला. रुतीलियोला वाटलं, मावशीला चक्कर येते आहे.

स्पीकरवर लावलेल्या फोनची घंटा सगळ्या कचेरीला ऐकू जात होती. मग मागे रडणारं बाळ, आणि त्याच्या पुढे एक झोप न मिळालेला आवाज. ओल्वेदाबाईंनी आपलं पद सांगितलं आणि विचारलं, तुमची आई तुमच्याकडे येते आहे, हे खरं का.

"माझी आई? नाही हो," नेरेइदा म्हणाली. "तुमची काहीतरी चूक होतेय. माझ्या आईला व्हिसा नाही. पाच वेळा अर्ज केला बिचारीनं, दर वेळी परत पाठवलं. माझ्या लग्नाला सुद्धा येऊ दिलं नाही तुम्ही लोकांनी तिला."

"लग्न कधी झालं?"

"चार वर्षं झाली." बाळ रडायचं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. "तिथे जी कुणी आहे ना, ती दुसऱ्या कुणाची तरी आई असेल. म्हातारी असेल तर तिला जरा बसायला द्या."

ओल्वेदाबाईंनी व्हिसाच्या कार्डावरची तारीख पाहिली. बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्यांनी फोन बंद केला नाही, फक्त काउंटरवर थोडा पुढे सरकवला.

या ठिकाणी पुलाच्या बाजूने दोन शब्द बोलणं कर्तव्य आहे, कारण पूल सिमेंटचा आहे आणि त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. एवेलियो मास्तरांच्या अंदाजानुसार, पुलाने अडवल्यामुळे ज्यांना नातलगांच्या सुखदुःखाला जाता आलं नाही अशी गावात एकंदर नऊशे माणसं आहेत. त्यांतली पुलाने खरोखर अडवलेली एकसष्ट. उरलेल्यांची तोंडंही पुलाने कधी पाहिलेली नाहीत. त्यांची न झालेली भेट, न धरलेला हात, न खाल्लेला लग्नाचा केक हे सगळं ओझं पुलाने निमूट पाठीवर घेतलं, आणि वर शिव्याही खाल्ल्या. वाचकाने इथे गालातल्या गालात हसण्याची घाई करू नये. ज्यांच्या गावाला पूल नाही त्यांना रजा मिळत नाही, मुलांच्या परीक्षा असतात, रेल्वेचं आरक्षण होत नाही, आणि परवाच फोन करणार होतो तर नेमकी रेंज गेलेली असते. मागच्या वेळी आपल्याला कुणी अडवलं होतं, याचं उत्तर ज्याने त्याने आपापल्या खिडकीपाशी तयार ठेवावं. चादरी हे उत्तर चालणार नाही.

रुतीलियो आपल्या बुटांकडे बघत होता. ओब्दुलियाबाईंनी फोन दोन्ही हातांत घेतला, तापलेलं पातेलं उतरवतात तसा.

"नेरे."

पलीकडे बाळ रडत होतं.

"नेरे, मीच आहे. दुसऱ्या कुणाची आई नाही." त्यांना आता कुणीच काही विचारत नव्हतं. "अर्ज एकदाच केला होता मी. पहिल्याच वेळी व्हिसा दिला त्यांनी, तुझ्या लग्नाच्या आठ महिने आधी. मी तो टेबलक्लॉथच्या खाली ठेवून दिला. मला तुझा नवरा पसंत नव्हता गं. मला पुलावर कुणीही अडवलं नव्हतं. मीच आले नाही."